मुक्कामी गाडीतल्या गप्पा आणि घरची झोप

प्रश्न : माझे वय ५४ आहे. आमचे हे एसटीत ३१ वर्षे कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षे त्यांनी मुक्कामी गाडीवर काढली. तेव्हा बसच्या बाकावर सतरंजी टाकूनही त्यांना गाढ झोप लागायची. आता घरात, गादीवर, पंख्याखाली रात्रीचे एक-दीड वाजतात. पडले की फंडाच्या पैशांचे हिशेब, मुलाचे कर्ज, राहिलेली कामे असे सगळे डोक्यात सुरू होते, असे ते म्हणतात. मुलीने मोबाईलवर विनोदी कार्यक्रम लावून दिले, तर ते खदखदून हसतात आणि आणखीच जागे होतात. चार महिन्यांपूर्वी एका रात्री वीज गेली होती, म्हणून मी सहज आमच्या लग्नातल्या जिलबीची फजिती सांगत बसले, तर पाच-सात मिनिटांत ते घोरायला लागले. तेव्हापासून रोज ‘काहीतरी बोल ना’ म्हणतात. मी बोलते, ते झोपतात आणि मी अर्ध्या वाक्यावर अंधारात एकटी उरते. कधी बरे वाटते, कधी फार राग येतो. ही सवय लावावी की मोडावी? शेजारच्या काकांनी त्यांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी देऊ केली आहे, ती द्यावी का?
— स., सातारा जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

गोळीचे आधी सांगते, कारण ते आजच थांबवायला हवे. दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेली झोपेची गोळी, अर्धी असो वा पाव, आपल्या यजमानांना देऊ नका. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे आपल्या देशात २०१४ पासून ‘एच-१’ या यादीत आहेत. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि कोणाला विकली याची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. हे बंधन उगाच घातलेले नाही. या गोळ्यांची शरीराला सवय लागते, उतारवयात रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास ज्याला असेल त्याच्यासाठी तर त्या अधिकच धोक्याच्या ठरू शकतात. आपण घोरण्याचा उल्लेख ओझरता केला आहे, त्याविषयीही मी पुढे लिहिणार आहे.

आता मूळ प्रश्न. वीज गेलेल्या रात्री आपण जे केले ते योग्यच केले, आणि ते का लागू पडले हे समजून घेतलेत तर ते रोज आपल्याच जिवावर ओढण्याची गरज उरणार नाही.

रात्री अंथरुणात येणारी काळजी बहुतेक वेळा शब्दांत चालते. माणूस मनातल्या मनात स्वतःशी बोलत असतो : फंडाचे इतके आले, त्यातले इतके दिले, उरले किती, पुरतील किती वर्षे. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये स्मृतीविषयी जी मांडणी केली, तिच्यात शब्द थोडा वेळ घोळवत ठेवणारा एक कप्पा मानलेला आहे, आणि पुढच्या प्रयोगांतून असे दिसले की कानावर पडणारे बोलणे, आपण ते ऐकायचे ठरवलेले नसले तरी, त्या कप्प्यात शिरते आणि तिथे चाललेली उजळणी मोडते. हे आपल्या यजमानांना पुस्तकाशिवाय ठाऊक असेल. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहिताना शेजारचा प्रवासी बोलू लागला की आकडा चुकतो, हा त्यांचा ३१ वर्षांचा अनुभव आहे. दिवसा जी अडचण होती तीच रात्री उपयोगी पडते : आपले बोलणे कानावर पडू लागले की आतला हिशेब अडखळतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा अडखळतो, आणि शेवटी सुटून जातो. नुसते बासरीचे सूर लावले तर ज्यांच्या डोक्यात शब्दच फिरत असतात त्यांना ते अनेकदा पुरत नाहीत, याचे कारण मला हेच दिसते.

‘विचार करू नका, डोळे मिटून पडून राहा’ असे आपण त्यांना कधी म्हटले असेल, तर ते लागू पडले नसणार. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता : पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितल्यावर लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हापुन्हा येतच राहिले. विचार हाकलून जात नाही. त्याच्या जागी दुसरे काहीतरी ठेवावे लागते. काय ठेवावे याचेही उत्तर थोडेफार मिळालेले आहे. ऑक्सफर्ड येथे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन हार्वी आणि त्यांच्या सहकारी यांनी २००२ मध्ये निद्रानाशाच्या ४१ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला मनाला गुंतवणारे, सुखावह दृश्य डोळ्यांपुढे आणायला सांगितले, दुसऱ्याला फक्त लक्ष दुसरीकडे वळवायला सांगितले आणि तिसऱ्याला काहीच सांगितले नाही. दृश्य डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी आपल्याला लवकर झोप लागल्याचे सांगितले. आपली जिलबी हे असेच दृश्य होते. तिला आकार होता, रंग होता, पाक होता आणि तिच्यात चिंतेचे काही नव्हते.

विनोदाचे प्रमाण मात्र सांभाळायला हवे. मंचावरचा विनोदी कार्यक्रम ऐकणाऱ्याला ताणत नेतो, पुढे काय म्हणणार याची उत्सुकता लावतो आणि मग एका वाक्यात तो ताण फोडतो. त्यावर प्रेक्षकांचा हशा येतो, टाळ्या येतात, आवाज एकदम चढतो आणि मध्येच जाहिरात. पोट धरून हसताना छातीचे ठोके वाढतात, अंग गरम होते, माणूस उठून बसतो. दिवसभराच्या शिणावर ते औषध आहे, यात शंका नाही, परंतु त्याची जागा जेवणाआधी. उलट टोकाला, बोलणे अगदीच कोरडे असेल, उदाहरणार्थ बाजारभाव किंवा विम्याच्या अटी, तर मन तिथे टिकत नाही आणि दोन मिनिटांत कर्जाच्या हप्त्याकडे परत येते. आपल्याला हवे आहे ते या दोहोंमधले : ओठाचा कोपरा जरासा हलावा, छाती सैल पडावी, आणि पुढचे वाक्य ऐकले नाही तरी काही बिघडू नये. या शेवटच्या अटीवर माझा फार भर आहे. ज्या गोष्टीचा शेवट कळलाच पाहिजे असे वाटते ती निजतानाची गोष्ट नव्हे.

माझ्या आजोळी मे महिन्यात माजघरात आम्ही नऊ-दहा मुले ओळीने निजत असू. दिवे मालवले की मामी आणि मावशी ओटीवर पाय पसरून बसत आणि हलक्या आवाजात बोलत राहत. मावशीची एक ठरलेली हकिकत होती. ती कापा फणस घेऊन एसटीने निघाली, गाडीत गर्दी नव्हती म्हणून फणस शेजारच्या सीटवर ठेवला, वळणावर तो घरंगळू नये म्हणून त्याच्याभोवती पदर गुंडाळून गाठ मारली, आणि कंडक्टर तिकिटे फाडत फाडत त्या पदरापाशी येऊन थांबला. पुढे तिने फणसाचे अर्धे तिकीट काढले की नाही, हे मला आजही माहीत नाही, कारण ती हकिकत मी शेकडो वेळा ऐकली तरी त्या ठिकाणापर्यंत कधी जागी राहिले नाही. मामीला ती पाठ होती, तरी ती दर वेळी तिथेच हसे, तोंडावर पदर धरून. ते दबलेले हसू कानावर पडणे आणि झोप येणे या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एकत्र आहेत.

मराठी कानाला अशा बोलण्याची सवय जुनी आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरात बसल्यासारखे बोलत, बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज घरातल्या माणसांसारखे वाटत. ती मालिका झोपवण्यासाठी नव्हती, परंतु आवाज न चढवता, कोणाला न दुखवता घरगुती बोलण्यातून हसू कसे फुलते हे तिच्यात ऐकू येई. अमेरिकेत तर २०१३ पासून ‘स्लीप विथ मी’ नावाचा पॉडकास्ट केवळ झोपण्यासाठी चालू आहे. त्यात निवेदक मुद्दाम फाटे फोडत, रमतगमत, थोडेसे विनोदी असे काहीतरी सांगत राहतो. आपण अंधारात जे करत होतात ते जगावेगळे नाही.

आता कसे बोलावे ते लिहिते. विषय असा घ्या की जो घडून गेलेला आहे आणि ज्यात आता कोणालाच काही करायचे नाही. पैसा, आजारपण, मुलाचे कर्ज, कोणाचे लग्न जमवणे आणि भाऊबंदकी हे विषय अंथरुणात आणू नका, मग ते कितीही गमतीने सांगता येत असले तरी. माझ्या मते आपल्या घरातला सर्वांत चांगला विषय फळीवर मांडलेला आहे : आहेरात आलेले स्टीलचे डबे. प्रत्येकावर नाव घातलेले असते. एकेक डबा मनाने खाली काढा. हा मोठा, मामांकडचा, त्यावर नाव घालणाऱ्याने ‘सप्रेम’वर नसलेला अनुस्वार देऊन ‘संप्रेम’ केले होते. याचे झाकण मूळचे याचे नव्हेच, ते त्या उभ्या डब्याचे, आणि उभ्या डब्याचे झाकण गेली वीस वर्षे पोह्यांच्या डब्यावर बसते आहे, जरा तिरके, पण बसते. मग उभ्यावर काय, तर त्यावर एक ताटली, आणि ती ताटली आली कुठून... असे चालू द्या. यात हसू आहे, प्रत्येक वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि कुठल्याही डब्यापाशी झोप लागली तरी काही अडत नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्या डब्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल. उलट तेच बरे, कारण ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकताना मन पुढे धाव घेत नाही.

आवाज पहिल्यापासून खालचा ठेवा आणि हळूहळू आणखी उतरवा. वाक्ये लांबली तर लांबू द्या. त्यांना प्रश्न विचारू नका. ‘तो डबा आठवतो का हो?’ एवढ्या प्रश्नालाही उत्तर शोधावे लागते आणि उत्तर शोधणारा माणूस जागा होतो. त्यांचे नाव घेऊ नका, किंवा आपण त्यांना ज्या हाकेने बोलावता ती हाक देऊ नका. झोपेत कान बंद होत नसतात. झोपेचे अभ्यासक इयन ऑस्वाल्ड यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की झोपलेल्या माणसाचा मेंदू इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला अधिक प्रतिसाद देतो. आणि ‘झोपलात का?’ हे तर कधीच विचारू नका. ते झोपले की नाही हे पाहण्यासाठी एकदम गप्प होणेही टाळा. बोलणे विरत जाऊ द्या, एक-दोन वाक्ये पुटपुटून थांबा. एकंदर पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

याच्या आधी संध्याकाळी एक काम करून घ्यायला हवे, नाहीतर गोष्टींवर नको तितका भार पडतो. डेपोत पैसे भरून हिशेब जुळल्याशिवाय आपल्या यजमानांची ड्युटी संपत नसे. निवृत्तीनंतर दिवसाचा हिशेब मिटवण्याची ती जागाच गेली, म्हणून तो अंथरुणात उघडतो, असे मला आपले पत्र वाचताना वाटले. जेवणाच्या आधी त्यांना वही घेऊन बसू द्या, मनात असलेले आकडे आणि उद्याची कामे दोन्ही लिहू द्या, आणि वही कपाटात ठेवू द्या. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, निजण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. मोघम न लिहिता नेमके लिहिले की फायदा जास्त झाला. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा. दुपारची झोप लांबत असेल तर ती अर्ध्या तासावर आणा. या गोष्टी आपण पूर्वी ऐकल्या असतील, म्हणून अधिक लिहीत नाही.

ही सवय मोडावी का? माझे उत्तर आहे, मोडू नका, परंतु तिला आपल्या एकटीवर उभी ठेवू नका. बोलण्याने शरीराला अपाय होत नाही. अडचण एवढीच, की आवाज ऐकत झोपलेला माणूस मध्यरात्री शांततेत जागा झाला तर त्याला पुन्हा तोच आवाज हवासा वाटतो, आणि आपण रात्री तीन वाजता डबे मोजत बसू शकत नाही. तसे करूही नये. मध्यरात्री जाग आली आणि साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही, असे घड्याळ न पाहता नुसते वाटले, तर त्यांनी अंथरुणातून उठावे, मंद दिव्यात खुर्चीवर बसावे आणि जांभया येऊ लागल्या की परत यावे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरली जाते. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, अशी जी गाठ मनात बसते, ती तिने सुटते. शिवाय आठवड्यातले दोन दिवस काहीही न बोलता निजून पाहा. पहिले दोन आठवडे ते जड जाईल.

आता आपल्या रागाविषयी. आपण तो पत्राच्या शेवटी दोन शब्दांत उरकला आहे. मला मात्र तो या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटला. आपण बोलता आणि समोरचे माणूस झोपते, हे मनाला लागते, विशेषतः ज्या घरात दिवसभरात आपले म्हणणे ऐकून घ्यायला दुसरे कोणी नसते तिथे. निजतानाचे बोलणे हे मध्येच सोडून देण्यासाठीच असते. म्हणून आपल्याला जे ऐकले जावे असे वाटते ते त्यात कधीही घालू नका. ते तिथे वाया जाईल आणि आपण दुखावल्या जाल. त्यासाठी दिवसातली वेगळी वेळ मागून घ्या. संध्याकाळी पाचचा चहा, टीव्ही बंद, मोबाईल आत, आणि अर्धा तास फक्त आपण बोलायचे व त्यांनी ऐकायचे. मध्ये हिशेब नाही, सल्ला नाही. हे त्यांना स्पष्ट सांगा. रात्री आपण त्यांच्यासाठी बोलता, तर दिवसा त्यांनी आपल्यासाठी जागे राहणे हे काही मोठे मागणे नव्हे. आणि ज्या रात्री आपण दमलेल्या असाल त्या रात्री ‘आज नाही’ म्हणून पाठ वळवून झोपा. आपली झोपही मोजण्यासारखी आहे. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी, आणि त्यात आपणही येता.

अशा रात्रींसाठी आवाजाची दुसरी सोय करता येते. मोबाईलवर ठरावीक वेळेने आवाज आपोआप बंद करण्याची सोय असते. मुलीकडून ती अर्ध्या तासावर लावून घ्या. फोन उशीखाली न ठेवता हातभर लांब, पालथा ठेवा, कानात काही घालू नका, आणि आवाज इतका कमी ठेवा की पंख्याच्या आवाजातून शब्द जेमतेम कळावेत. एकामागून एक आपोआप पुढचे लागत जाणारे कार्यक्रम टाळा. रात्री दोन वाजता भलताच कार्यक्रम मोठ्याने सुरू झाला की केलेले सगळे फुकट जाते.

घोरण्याचे राहिले. ते मोठ्याने घोरत असतील, मध्येच घोरणे थांबून मग धाप लागल्यासारखा किंवा गुदमरल्यासारखा श्वास येत असेल, सकाळी डोके जड असेल किंवा दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल, तर हा झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो आणि त्यावर गोष्टींचा इलाज नाही. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि आपण रात्री जे पाहता ते आपणच सांगा, कारण ज्याला तो त्रास असतो त्याला तो दिसत नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, आणि आपल्या वर्णनावरून ते त्या मर्यादेत येतात. अशा वेळी पहिला उपचार म्हणून गोळी न देता विचार आणि सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच केली आहे. आपल्या भागात मानसोपचारतज्ज्ञांकडे याविषयी विचारता येईल. निवृत्तीनंतर त्यांचे जेवणातले, माणसांतले मन उडाले आहे, आपला आता काही उपयोग नाही असे ते बोलून दाखवतात, असे काही असेल तर वाट पाहू नका; ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनीसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

शेवटी एक काम सुचवते, आणि ते मला मनापासून करून पाहावेसे वाटते. मुक्कामी गाडीवर त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे कोणी ड्रायव्हर असणारच. बसचे दिवे मालवल्यावर दोन बाकांवर आडवे पडून ते दोघे बोलत असणार, आणि बाकावरची ती झोप त्या बोलण्यातूनच येत असणार, असा माझा अंदाज आहे. त्या ड्रायव्हरदादांना येत्या रविवारी घरी बोलवा. जेवण झाले, दोघे सैलावून बसले की दोघांनाही सांगून मोबाईल रेकॉर्डिंगला लावा आणि बाजूला ठेवा, आणि पहिल्या मुक्कामाचे गाव कोणते होते, तिथे पाणी कोण आणून देई, पहाटे गाडी सुरू होईना तेव्हा धक्का मारायला कोण कोण यायचे, एवढेच विचारून आपण आत जा.